झोपवलेला खड्डा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी सव्वासातला, संडासाच्या भांड्यात ओतलेलं पाणी खाली गेलं नाही.

रोहिणीने दुसरा तांब्या ओतला. पाणी काठाखाली चार बोटांवर येऊन थांबलं, मग फार सावकाश बोटभर उतरलं आणि पुन्हा थांबलं. तिसरा तांब्या तिने ओतला नाही.

बाहेर जमना वॉकरला धरून उभी होती. पौषात खुब्याचं हाड मोडल्यापासून खोली ते संडास हे अठरा पावलांचं अंतर ती दिवसातून चार वेळा चालायची आणि कुणाचा आधार घ्यायची नाही. रोहिणी हात पुढे करायची. सासू तो न पाहिल्यासारखं करायची.

"काय व्हयनं?"

"जरा थांबा आई. पाणी उतरत नाहीये."

"मी थांबसू व. पन ते थांबस का?"

रोहिणीला हसू आलं. शेवटी खोलीचं दार लावून, खुर्चीखाली बादली ठेवून काम झालं. बादली तिने मागच्या शेतात नेऊन पुरली. परत आली तेव्हा जमना भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी ठेवलेली भाकर तशीच होती. चहासुद्धा दोन घोटांच्या पुढे गेला नव्हता.

"भूक नही," जमना भिंतीला म्हणाली.

रोहिणीला ते लगेच कळलं. खाल्लं नाही तर जावं लागणार नाही, असं सासूने ठरवलं होतं.

*

जमनाचा धाकटा मुलगा गोपाल शिरपूरहून अकराच्या सुमारास आला. बरोबर बायको शीतल, आंब्यांची टोपली आणि पुतणी मयुरी. मयुरी थोरल्या लखनची आणि रोहिणीची मुलगी. शिरपूरला सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि काकाच्याच घरी राहून शिकत होती. उद्या आखाजीची, पितरांच्या नावाची घागर भरायची होती. त्यात लोटननानांच्याही नावाची. रोहिणीचे सासरे सुकाआबा, त्यांचे हे थोरले भाऊ, चार वर्षांपूर्वी गेलेले. शेवटचं वर्षभर याच घरात अंथरुणाला खिळून होते.

पण सणाचं बोलणं निघालंच नाही. ओट्यावर टेकायच्या आधी गोपाल आईच्या खोलीत डोकावला आणि बाहेर आला तो वेगळाच चेहरा घेऊन.

"दादा, मायने सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणतात. हे काय चाललंय?"

लखनने पायानेच अंगणातली दोन गोल झाकणं दाखवली. "दुसरा खड्डा भरला. तीन वर्षं पण टिकला नाही. खुब्याचं झाल्यापासून पाणी जास्त लागतं."

"मग पहिला?"

"पहिला आधीच भरलेला आहे."

"अरे, पण दोन खड्डे करतात कशाला? एक भरला की दुसरा, तोवर पहिल्यातलं खत. योजनेच्या माणसाने सांगितलं होतं, मी होतो इथे."

लखन मान खाली घालून म्हणाला, "पहिला भरला तेव्हा मी चेंबर उघडलं, नळीला दोन फाटे फुटतात तिथलं, आणि दुसऱ्याचं तोंड मोकळं केलं. पहिल्याचं बंद करायला पाहिजे होतं. मिस्त्री म्हणाला, राहू दे, दोन्हींत वाटून जाईल. मी ठेवलं तसंच."

"म्हणजे इतकी वर्षं दोन्ही चालू?"

"दोन्ही चालू."

गोपालने फोन काढला. मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याने सांगितलं की आखाजीला माणसं गावी गेलीत, तीन दिवसांनी बघू. आणि गल्ली किती फुटांची आहे, तेही विचारलं. गल्ली गाडीपेक्षा अरुंद निघाली.

"मग कुणाला तरी बोलवू," गोपाल म्हणाला. "शिरपूरला माणसं मिळतात अशी."

आतापर्यंत खांबाला टेकून बसलेले सुकाआबा पहिल्यांदा बोलले. "मना घरना मैला दुसरा कोनी उचलाव नही."

"आबा, पैसे देऊन..."

"सांगं ना एकदाव. नही."

त्यांच्या आवाजात चढ नव्हता, म्हणून कुणी वाद घातला नाही. गोपालने मात्र दिशा बदलली. "ठीक. मग मायला मी आजच नेतो. आणि आता तिथेच राहू दे. घरात टाइल्सचा संडास आहे, चोवीस तास पाणी आहे. या वयात तिने बादलीवर बसायचं का?"

"तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे," लखन म्हणाला.

"उचलून नेईन."

"नेशील. खाली कधी आणशील?"

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की जमना ऐकते आहे. तिथून फक्त एक वाक्य आलं, तेही हलक्या आवाजात, "मी आठेच ऱ्हासू," आणि ते ऐकून गोपालला बरं वाटण्याऐवजी भीती वाटली. इथेच राहीन म्हणून आई भांडली असती तर त्याला चाललं असतं. ती विनंती केल्यासारखं बोलली होती.

मयुरी चेंबरच्या झाकणाशी उकिडवी बसली होती. "पप्पा, नक्की आठवतं का? पहिल्याचं तोंड बंद केलंच नाही?"

"नाही केलं म्हणतो ना."

"कारण बंद करून दोन वर्षं झाली असती तर आज, आत्ता उघडता आला असता. जंतांची अंडी सगळ्यांत चिवट असतात. दोन वर्षांत तीही मरतात. मग ती नुसती माती. पण चालू असेल तर हात लावायचा नाही. तारीख महत्त्वाची आहे."

"तारीख कुठून आणू? जे केलंच नाही त्याची?"

गोपाल आईची पिशवी भरायला आत गेला.

*

स्वयंपाकघरात शीतल सांजोऱ्या लाटत होती आणि जाऊबाईंकडे पाहत होती. बारा वर्षांत तिने रोहिणीताईंच्या हातून पारी फाटलेली पाहिली नव्हती. आज तिसरी फाटली.

शीतलला स्वतःबद्दलही एक गोष्ट माहीत होती. ओट्यावर गोपाल "आजच नेतो" म्हणाला तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा सासू आली नव्हती. आले होते तीन जिने, सकाळची आठची ड्युटी आणि स्वतःची कंबर. ती नाही म्हणणार नव्हती. पण तिला ते आठवत राहणार होतं.

"ताई, काय झालं?"

"काही नाही."

"सारण सगळं परातीत पडतंय."

रोहिणीने लाटणं खाली ठेवलं. बाहेर बघितलं, मग दाराकडे पाठ केली. "पहिला खड्डा बंद आहे."

"काय?"

"मी बंद केला. यांनी दुसरं तोंड उघडलं, त्यानंतर दोन दिवसांनी. बचत गटात तो माणूस आला होता ना, समजवायला, तेव्हा मी पुढेच बसले होते. तो म्हणाला, एका खड्ड्याला झोपू द्यायचं असतं. यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, खड्ड्याला अंगाई म्हण. मग मीच झाकण काढलं. विटेचा तुकडा आणि चिकणमाती. हात कोपरापर्यंत आत घालावा लागला."

"मग सांगत का नाही? एवढं रामायण चाललंय बाहेर!"

"त्या दिवशी कानबाई होती."

शीतलचं लाटणं थांबलं. श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी या घरात काय असतं ते तिला माहीत होतं. सगळे भाऊबंद जमतात, घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घेतलेला गहू दळला जातो, त्याचे नैवेद्याचे रोट होतात. त्या पिठाला कुणाचा भलता हात लागू नये म्हणून सासूबाई उंबऱ्यात बसून राहतात.

"सगळे गहू दळायला गेले होते. दुपारपासून तीस माणसं येणार, ती सगळी तोच संडास वापरणार, मग पहिला खड्डा कधीच झोपला नसता. माझ्याकडे अर्धा तास होता." रोहिणीने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "मग आंघोळ केली आणि रोट मीच केले. तीन आठवड्यांनी पोळ्याला चांद्या बैल गेला. आई काय म्हणाल्या, आठवतं ना?"

शीतलला आठवत होतं. रोटाले कोनी तरी बाट लावा. रोट कुणीतरी बाटवले, हे बोलणं सबंध गल्लीत फिरलं होतं.

शीतलने परातीत सांडलेलं सारण गोळा केलं. मग शीतल म्हणाली, "सांगा, असं मला म्हणायचंय. पण मी म्हणते म्हणून सांगू नका. आई इथे राहिल्या तर माझी सुटका होते. माझा सल्ला त्यातून येतो की चांगुलपणातून, ते माझं मलाच कळत नाही."

रोहिणीने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत शीतल इतकं खरं तिच्याशी कधी बोलली नव्हती. तिने हाताचं पीठ झटकलं आणि ती उठली.

"मी येते बरोबर," शीतल म्हणाली.

*

जमनाने दोन्ही सुनांना एकदम दारात पाहिलं आणि तिला वाटलं, उचलायला आल्या. गोपाल तिची लुगडी पिशवीत भरत होता, त्याने चष्म्याचं घर वर ठेवलं होतं. लखन मागे उभा. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

पण रोहिणी खाली फरशीवर बसली आणि बोलायला लागली. सगळं. वीट, चिकणमाती, कोपरापर्यंतचा हात, कानबाईचा रविवार. लखनने मध्येच "काय?" केलं, शीतलने त्याला हाताने गप्प केलं. रोहिणीने शेवटी रोटांचं सांगितलं आणि ती थांबली. मान वर केली नाही.

जमनाने खूप वेळ तिच्या हातांकडे पाहिलं. सांजोरीचं पीठ नखांत अडकलेलं होतं. हेच हात सकाळी बादली घेऊन गेले होते. लोटनदादाची मैल्याची भांडीही वर्षभर याच हातांनी काढली होती. त्या वेळी जमनाने एकदाही विचारलं नव्हतं की स्वयंपाकाला कोणते हात लागले.

"हात धोया व्हता?"

"हो."

"साबण का राख?"

"दोन्ही. तीन वेळा. मग डोक्यावरून आंघोळ."

"आनि नंतर रोट."

"नंतर रोट."

जमनाने ओठ ओले केले. बोलणं सोपं नव्हतं, कारण दारात सुकाआबाही येऊन उभे राहिले होते, आणि जे बोलायचं होतं ते त्यांच्या चुकीबद्दल होतं. पण समोर फरशीवर बसलेली ही बाई तीन वर्षं खाली मान घालून होती, हे तिला आजच दिसलं होतं.

"चांद्या खुरटेल ज्वारी खाईसन मरना," ती म्हणाली. "पाऊस नव्हता, ज्वारी इखारी व्हयेल व्हती. यास्नी दोर बांधा नव्हता. मी सकाळे देखं, मोकळा दोर. गाव यास्ले हसतं. म्हनीसन मी रोटावर ढकली दिधं." ती थांबली. "तुनं नाव नही लिधं. पन तू ते आंगवर घी बसनी."

सुकाआबा दाराच्या चौकटीकडे पाहत राहिले. नाकारलं नाही. मग म्हणाले, "खरं शे."

एवढा मोठा माणूस एवढं छोटं वाक्य बोलला. मयुरीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती दाराबाहेरून बोटांवर मोजत होती.

"कानबाई म्हणजे ऑगस्ट. पावणेतीन वर्षं! मम्मी, पावणेतीन वर्षं झाली!"

*

लखनने पहारीने पहिल्या खड्ड्याचं झाकण सरकवलं तेव्हा सगळे दोन पावलं मागे झाले. शीतलने पदर नाकाला लावला. मयुरीने सगळ्यांना लांब बसवलं; आतली हवा बदलू दे, दोन तास कुणी वाकून बघायचं नाही.

दोन तास ते निंबाच्या सावलीत बसले आणि कुणीतरी सारखं म्हणत राहिलं, "वास येतोय का?" आणि प्रत्येक वेळी सगळे श्वास घेऊन पाहत. वास येत नव्हता. शीतलने पदर केव्हा खाली सोडला, तिचं तिलाही कळलं नाही.

पाच वाजता मयुरीने बापाला रबरी बूट, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधायला लावलं. लखन मोजून पाहत होता. खड्डा चार फूट खोल. बंद करताना काठोकाठ होता. आता आतलं सगळं खाली बसून मांडीइतकं उरलं होतं. त्याने काठावरूनच फावडं घातलं. जे वर आलं ते पाहून तो थांबला.

काळपट तपकिरी, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं. फावड्याच्या कडेवरून ते कोरडं घरंगळलं. त्याने ते घमेल्यात ओतलं तेव्हा आवाजसुद्धा मातीचा आला.

"हे ते नाही," लखन म्हणाला.

"तेच आहे पप्पा."

"अगं, कसं शक्य आहे? मी पाहिलंय ना काय जात होतं ते."

त्याने दुसरं फावडं घातलं, तिसरं. भिंतीच्या विटांमधल्या भोकांतून निंबाची बारीक मुळं आत आली होती, केसांसारखी, आणि त्या मातीत पसरली होती. तळाजवळच्या ओलीत एक गांडूळ वळवळलं. शाम्पूची एक पुडी निघाली, निळ्या कंगव्याचे दोन दात, प्लॅस्टिकचं एक बटण. एवढंच जसंच्या तसं होतं. माणसाच्या अंगातून गेलेलं काहीही ओळखू येत नव्हतं.

मयुरीने मोबाईलवर गुणाकार केला. "पाच माणसं, पाच वर्षं. सव्वादोन टन तरी गेलं असेल यात." ती स्वतःच त्या आकड्याकडे बघत राहिली. "किती घमेली झाली?"

"सत्तावीस."

"बाकीचं कुठे गेलं?" गोपालने विचारलं. लहान मुलाने आकाशाबद्दल विचारावं, तसं तो पुतणीला विचारत होता.

"पाणी जमिनीत झिरपलं. काही वायू होऊन गेलं. उरलेलं जिवांनी खाल्लं. ते मेले, त्यांना दुसऱ्यांनी खाल्लं. या चिमटीत आत्तासुद्धा कोट्यवधी असतील काका. त्यांना कुणी सांगितलं नाही, कुणी पगार दिला नाही. फक्त पाणी बंद केलं आणि त्यांना वेळ दिला."

गोपाल घमेल्याजवळ बसला. ती पाच वर्षं त्याला आठवत होती. दादाची कावीळ. मयुरीच्या दहावीच्या परीक्षेतली पोटदुखी. सगळ्यांना झालेले जुलाब, ज्यात आई आठवडाभर दवाखान्यात होती. सगळ्यांचं दुखणं, लाज, घाण, सगळं या अंधारात पडलं होतं, आणि अंधाराने त्यातलं काहीच ओळखीचं ठेवलं नव्हतं.

सुकाआबा काठाशी आले. चपला त्यांनी काढल्या होत्या. फार वेळ आत बघून म्हणाले, "लोटनभाऊ बी शे यामा."

लखनने हातातलं फावडं खाली ठेवलं. 

जमनाला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तिने हात पुढे केला. मयुरी म्हणाली, "आजी, हातमोजा घाल," पण जमनाने तसाच हात धरला, आणि मयुरीने क्षणभर विचार करून तिच्या तळव्यावर मूठभर माती ठेवली. "नंतर धुवायचा. मी धुवीन."

जमनाने ती अंगठ्याने चोळली. नाकाशी नेली. लग्न होऊन आली तेव्हापासून पन्नासच्या वर वर्षं ती अंधार पडायची, नाहीतर उजाडायच्या आधीची वाट बघत होती. रस्त्याकडेला बसलेल्या बायका कंदील दिसला की उठून उभ्या राहायच्या, ती उभी राहिली होती. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी उभी राहिली होती. जे अंगातून जातं त्याची शरम वाटून घ्यायची असते, एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. हातातल्या मातीला तो वास नव्हता. होता तो निंबाखालच्या जमिनीचा.

"हाई बठ्ठं आपलं शे?"

"आपलंच आजी."

"इतलं गुनी व्हतं!" जमना म्हणाली, आणि हसली, पण तिचे डोळे त्या मातीवरून हलले नाहीत. मग ती सुनेला म्हणाली, "रोहिनी, तोंड बदल आते."

या वेळी रोहिणीने चेंबर सगळ्यांसमोर उघडलं. हातमोजे कोपरापर्यंतचे होते. पहिल्या तोंडाची वीट तिने काढली. माती इतकी पक्की झाली होती की छिन्नी लागली. लखन तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला, ओली चिकणमाती मळून देत. दुसरं तोंड तिने बंद केलं, कडा बोटाने दाबून घेतल्या. लखन म्हणाला, "अजून थोडी डाव्या बाजूला," आणि मग हळूच, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." रोहिणी म्हणाली, "माती द्या."

झाकणं बसली. सगळ्यांनी हात धुतले. गोपालने वॉकर आणून आईपुढे ठेवला.

जमना निघाली. रोहिणीने सवयीने हात पुढे केला. जमनाने एकदा त्याकडे पाहिलं आणि तो धरला. दारापर्यंत गेल्यावर सोडला, आत गेली, कडी लावली.

अंगणात सात वर्षांचं पोर असतं तर त्याने विचारलं असतं की ही सगळी मोठी माणसं संडासाच्या दाराकडे बघत अशी का उभी आहेत. उन्हं उतरत होती.  बराच वेळ काही झालं नाही, आणि मग तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला.

पाणी पडलं. अडलं नाही. भांड्यातून वळलं, नळीतून चेंबरमध्ये आलं, आणि त्यांच्या पायांखालून, जमिनीच्या आतून जात राहिलं. आणि मग रिकाम्या खड्ड्याच्या तळाशी ते पडल्याचा खोल, गोल आवाज झाला. विहिरीत काहीतरी पडावं तसा.

सुकाआबांनी टोपी काढून हातात घेतली आणि दुसऱ्या तांब्याची वाट पाहत उभे राहिले.